टाकीला दिलेला नारळ

देवरूखजवळच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, कॉलेजची पवनचक्की उभी राहिली, तेव्हा तिच्याविषयी अधिकाराने बोलणारा माणूस गावात एकच होता. रावजीने मुंबईच्या गोदीत एकतीस वर्षं हायड्रॉलिक क्रेन दुरुस्त केल्या होत्या, आणि हे तो कोणी विचारायच्या आधीच सांगत असे.

चक्की आखली होती कॉलेजच्या करुणा मॅडमनी. पात्यांमागे गिअरबॉक्स नाही, नुसता पंप. वाऱ्याने पंप फिरणार, पंप तेल दाबून नळीतून खाली धाडणार, आणि ते तेल जमिनीवरची मोटर फिरवून वीज काढणार. "दुरुस्तीला सारखं वर चढायला नको," मॅडम म्हणाल्या. "पण तेलात पाण्याचा थेंब जाता कामा नये," रावजी म्हणाला, आणि आठवडाभर येईल त्याला तेच ऐकवत राहिला.

श्रावणातल्या एका सकाळी चक्की सुरू करायची ठरली. नारळ साहजिकच रावजीच्या हातात आला. चहूकडे कातळच कातळ. पण कातळावर फोडलेला नारळ कातळाला पोचतो, यंत्राला नाही, असं त्याचं मत. त्याने तो तेलाच्या टाकीच्या काठावर फोडला. तेल भरायला झाकण उघडंच होतं. निम्मं पाणी आत गेलं.

टाळ्या पडल्या. मॅडम मनोऱ्यापाशी होत्या. टाकी रिकामी करा म्हणायचं, तर कोणी ओतलं तेही सांगायला हवं. रावजीने झाकण लावलं.

तीन आठवड्यांत तेल ताकासारखं पांढरं झालं आणि पंप करकरायला लागला. वरचं सील आपणच चुकीचं आखलं, तिथून पाऊस शिरला, असं मॅडमनी जाहीर केलं. "असू शकतं," रावजीने तज्ज्ञ म्हणून सांगितलं. त्यानंतर त्याला जेवण जाईना.

"पोट बिघडलंय काय?" बायकोने, काशीने, विचारलं.

"पोट नाय," एवढंच तो म्हणाला.

पाचव्या दिवशी तो सड्यावर गेला. मॅडम गाळणी धूत होत्या. शेजारी गुरं राखणारी मथुराकाकी बसली होती. ती उठून जाईल म्हणून त्याने वाट पाहिली. ती उठली नाही.

"मॅडम, तो पाऊस नाय. नारळाचं पाणी. मीच टाकीवर फोडला. आत जाताना बघितलं पण मी."

"अरे मेल्या!" मथुराकाकी म्हणाली. "आणि मला सांगायचास, घामाच्या हाताने टाकीला शिवू नको!"

मॅडम हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत, रावजीला त्याचाच जास्त त्रास झाला.

"कालच कॉलेजला पत्र गेलं, काका. आखणी माझी चुकली, काम थांबवा म्हणून."

"मग आज दुसरं धाडा. माझं नाव घाला त्यात."

मॅडमनी हात पुसून मोबाइल उघडला. "पूर्ण नाव सांगा."

रावजीने स्वतःचं नाव खणखणीत सांगितलं. वडिलांचं नाव मात्र इतकं हळू घेतलं, की मॅडमना दोनदा विचारावं लागलं.