औषध न दिलेली ओळ

पोलीस ॲक्शननंतरचा माझा जल्म. शाळा दुसरीपर्यंत, ती बी अर्धी. म्हातारपणी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला, फरशी पुसायला होते. खोली उस्मानपुऱ्याच्या मागं. मी, पोरगा आन सून.

कोरोना आला आन सगळ्यांची कामं बसली. पोरगा फर्दापूरला लेणी बघायला येणाऱ्या पाहुण्यांची गाडी चालवायचा, ती दारात उभी राहिली. माझं काम उलट वाढलं. आमच्या तिथं ह्या रोगावर कोणती दवा चालती ते तपासायला लागले.

सुनेला ते पटायचं नाय. मी आले की दारातच अडवायची.

"आत्याबाई, तिथंच थांबा. रोगाच्या कारखान्यातून आल्या तुमी."

"कारखाना कशाचा गं, दवा शोधायलेत तिथं."

"शोधू द्या. आधी आंग धुवा, मंग दवा सांगा."

दाराबाहेर चादरीचा आडोसा करायची. कढत पाण्याची बादली, त्यात लिंबाचा पाला. रोज. मी म्हणायची, "सासूला एवढ्या आंघोळी घालणारी सून साऱ्या गल्लीत नाय." ती आतून हसायची.

आतल्या खोलीत मला जायची मनाई होती, जिता विषाणू तिथं. मी बघायची तो ट्रे, विषाणू मारून बाहेर आणलेला. तळहाताएवढा, अप्पेपात्रावानी बारीक बारीक खळगे. तिथल्या मोठ्या मॅडमनी एकदा समजावलं, "मावशी, प्रत्येक खळग्यात आधी जिवंत पेशी असतात. त्यांच्यावर विषाणू सोडायचा, औषध टाकायचं आणि वाट बघायची. मग जांभळा रंग टाकायचा. पेशी जगल्या तर रंग धरतो. मेल्या तर खळगा कोरा."

रोज बहुतेक कोरेच यायचे, कुठं एखादा फिकट जांभळा. पण कडंची एक ओळ दर ट्रेला कोरी, कधीच चुकायची नाय. मी इचारलं.

"तिला औषध देतच नाही. नुसता विषाणू."

"का बरं? तिनं काय घोडं मारलं?"

मॅडम हसल्या. "एक ओळ तशी ठेवावी लागते मावशी. ती मेली नाही, तर दुसरी औषधानं वाचली हे कसं कळणार?"

मी मान हलवली. बरोबरच होतं त्यांचं. तरी ट्रे हातात आला की माझी नजर आधी त्या ओळीवर जायची.

मंग सुनेला ताप भरला. रोग माझ्याकडून आला का भाजीच्या गाड्यावरून, कुणी सांगावं. मला आन पोराला काहीच झालं नाय. तिला सरकारी दवाखान्यात नेलं, आत कुणाला सोडत नव्हते. नर्सबाईची दया आली तर फोन लागायचा. दम लागायचा तिला बोलताना.

"आत्याबाई, जांभळं झालं का काही?"

"नाय अजून."

"झालं की माझ्यापुरतं पुडीत बांधून आणा."

आन खरंच एक दिवस एक ओळ जांभळीजर्द निघाली. तिथं शिकणारी सगळी पोरंपोरी गोळा झाली, टाळ्या वाजल्या. मी पोछा टाकला आन मॅडमपुढं हात जोडले.

"ह्यातली थेंबभर द्या. सून दवाखान्यात हाय माझी."

मॅडमच्या डोळ्यात पाणी आलं. "मावशी, ह्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी आहेत. ट्रेमध्ये चाललं म्हणजे माणसात चालतं असं नाही. साबणानंसुद्धा विषाणू मरतो, साबण पाजाल का तिला? माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींवर हेच औषध लावलंय. तो ट्रे येऊ द्या."

"आन आला जांभळा, तर?"

"तरी पुढं लई वर्षं लागतात," त्या माझ्याच बोलीत म्हणल्या.

सुनेला फोनवर मी एवढंच सांगितलं, "माकडाचं वाचलं गं."

"मंग मला माकडाच्या रांगेत बसवा," ती म्हणली. हसायला गेली आन खोकला सुरू झाला. नर्सबाईनं फोन काढून घेतला.

फुप्फुसाचा ट्रे आला. मॅडमनी उजेडापुढं धरला. दवा दिलेली ओळ आन न दिलेली ओळ, दोन्ही सारख्या. कोऱ्या. मॅडमनी ट्रे खाली ठेवला. मी पोछा उचलला.

त्याच दिवशी पोरगा आन मी दवाखान्याच्या फाटकावर उभे होतो. डॉक्टर बाहेर आले. पोरानं इचारलं, "साहेब, दवा कोणती चाललीय तिला?"

"ह्याच्यावर खास दवा नाही अजून. ऑक्सिजन लावलाय. वाट बघायची."

पोरगा हात जोडून उभा राहिला. मी भिंतीला टेकून खाली बसले. वाट बघून काय होतं ते मी रोज बघत होते.

ती गेली. आम्हाला तोंड दाखवलं नाय. पिशवीत बांधून महापालिकेच्या माणसांनी परस्पर नेलं.

मी पुन्हा कामावर गेले. घरी बसून बी भिंतच बघायची होती. ट्रे येत राहिले. दवा बदलायची, नंबर बदलायचे. कडंची ओळ तशीच कोरी यायची. कधी कधी मॅडम मला ट्रे दाखवायच्या नायत, पाठ करून उभ्या राहायच्या. मी फरशी पुसत पुढं सरकायची.

घरी आले की अजून आडोशाला आंग धुते. बादली पोरगा भरून ठेवतो. लिंबाचा पाला टाकायचं त्याच्या ध्यानात राहत नाय.