खाणीचा दगड आणि माझं गणित

बदलापुरात मी अकरावी-बारावीला फिजिक्सचा क्लास घेतो. फळ्यावर आजवर इतके दगड फेकलेत, पण त्यातला एकही कुणाला लागलेला नव्हता.

माझी थोरली बहीण वांगणीपुढच्या एका पाड्यावर दिलेली. टेकाडापलीकडे दगडखाण. सुरुंगाचा दगड उडून आला आणि शेतात वाकलेल्या भाऊजींचा उजवा खांदा चुरून गेला. खाणवाले म्हणाले, आमचा दगड एवढ्या लांब येतच नाही, कुणीतरी मारला असेल. सुरुंग थांबवायचे की नाही, ते ग्रामपंचायतीत ठरणार होतं.

“जल्मभर पोरांना दगडांचीच गणितं घालतोस ना?” ताई म्हणाली. “मग एक आमच्यासाठी सोडव.”

सोडवलं. खाणीपासून शेतापर्यंतचं अंतर घेतलं, कोन पंचेचाळीस अंश धरला, हवेचा विरोध सोडून दिला आणि वेग काढला. बैठकीत फळाही मागवला. मागच्यांना दिसतंय का, असंसुद्धा विचारलं.

“एवढ्या वेगाने सुटलेला दगड बरोबर त्या शेतात पडतो,” मी समारोप केला.

खाणीचा सुपरवायझर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. “सर, हा वेग कुठून आणलात?”

“अंतरावरून.”

“म्हणजे दगड आमच्याकडूनच आला हे आधीच धरलंत. सिद्ध तर तेच करायचं होतं ना?”

याच चुकीसाठी मी दर वर्षी पोरांचे मार्क कापतो. सरपंचांनी चहा मागवला. सुरुंग चालू राहिले.

परतताना ताईनं विचारलं, “मंजे, दगड तिकडून आलाच नाय?”

“आला.”

“मग?”

मी पुढे चालत राहिलो.

भाऊजी घरामागे बाजेवर बसले होते, हात गळ्यात बांधलेला. “मास्तर, हरलात ते जाऊ द्या. आम्ही बसायचं कुठं, तेवढं सांगा.”

दगड टेकाडावरून घर ओलांडून पंचेचाळीस अंशांत तिरका उतरणार. म्हणून मी मागच्या भिंतीपासून, भिंतीच्या उंचीएवढं अंतर सोडून, काठीने मातीत रेघ ओढली. “हिच्या आत.”

“आणि उंच उडून सरळ खाली आला तर?”

“मग रेघेचा उपयोग नाही.”

भाऊजी हसले, खांद्याला झेपेल तेवढं.

तेवढ्यात खाणीचा सुरुंगाआधीचा भोंगा झाला. ताईनं नवऱ्यासकट बाज रेघेच्या आत ओढली, मग शेळी. माझ्याकडे वळून म्हणाली, “तू काय बाहेर उभा? सरक आत.”