रुमालाखालचा सौदा आणि दोन दीर्घिका

माझ्या सरांनी मला फसवलं. दोन दीर्घिकांची टक्कर मी ओळखली आणि त्यांनी ती आपल्या नावावर लावली.

मी मिरजगावचा. बैलबाजारात दलाली करून शिकलो. सर श्रीरामपूरकडचे, त्यांच्या घरीही जनावरांचाच व्यापार. नगरच्या कॉलेजात आम्ही दोघं विश्वाच्या बालपणीच्या दीर्घिकांचा प्रकाश तपासायचो. दुर्बिणीने त्याचे रंग वेगळे केलेले असत; कोणता वायू किती आणि किती वेगात, हे त्यावरून कळतं. एका अंधुक ठिपक्यात ऑक्सिजनच्या रेषेला एकाऐवजी दोन शिखरं दिसली.

"एकच दीर्घिका आहे," सर म्हणाले. "गरगर फिरतेय. एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी लांब जाते, म्हणून दोन शिखरं."

"सर, दोन जनावरं शिंगात शिंग घालून झुंजतायत, अन् तुमी एकच म्हणताय!"

"दलालाला सगळीकडं झुंजच दिसायची."

माझं टाळकं सरकलं. "दोन आहेत हे दाखवलं, तर शोधनिबंधावर पहिलं नाव माझं. बोला!"

सरांनी हसत खिशातला रुमाल आमच्या हातांवर टाकला. आमच्या बाजारात भाव असाच ठरतो, रुमालाखाली, बोटं धरून. त्यांनी माझं एक बोट घट्ट दाबलं. एक म्हणजे पहिलं. सौदा पक्का.

मग मी त्या रेषेच्या नरडीवरच बसलो. दोन्ही शिखरं सोडवली. एकात हायड्रोजनच्या मानाने ऑक्सिजन भरपूर, दुसऱ्यात जेमतेम. दोन वेगळ्या घरांचं रक्त होतं ते. मधल्या जागेत रेषा पार विस्कटलेली. तिथे वायूचे ढग एकमेकांवर आदळून पेटत होते, एक दीर्घिका दुसरीचं पोट फाडत होती. मी सगळं सरांपुढे मांडलं. त्यांनी माझे आलेख ठेवून घेतले.

पुढे नगरच्या एका सभागृहात निबंध मांडताना ते व्यासपीठावरून म्हणाले, "या दोन असाव्यात, हे मला पहिल्यापासून वाटत होतं." मागे पडद्यावर माझाच आलेख. निबंधावर त्यांचं नाव, माझं खाली आभारात.

मी धावत वर चढलो आणि त्यांची गचांडी धरली. गुंड्या तुटल्या, माइक पडून किंचाळला. "रुमाल आठवतो का?"

"कसला रुमाल? साक्षीदार आण!"

मी कानाखाली वाजवली. ओठ फुटला त्यांचा. चौघांनी मला ओढत खाली नेलं.

बाजारात साक्षीदार लागत नाही. दिलेलं बोट कुणी फिरवलं, तर सगळा बाजार त्याला तुडवतो. कॉलेजात कुणी तुडवत नाही, हे मला कळायला हवं होतं. चौकशी झाली ती फक्त थपडेची. मला विभागातून काढलं.

थपडेचा जाब मी दिला. आता सरांनी द्यावा. त्याच सभागृहात, त्याच लोकांसमोर उभं राहून सांगावं, ती दोन शिखरं कुणी सोडवली? आणि माझं बोट का दाबलं होतं?