चांदमारी बंद झाल्यावर

लग्नातल्या उखाण्यात मी नवऱ्याचं नाव घेतलं, ते घेतलं. तेही बायका दार अडवून बसल्या म्हणून. त्यानंतर आमचं सगळं 'अहो'वर चाललं. अहो, जेवायला चला. अहो, रॉकेल संपलं. अहो, ऐकलंत का? आणि ह्यांना नेमकी हौस, बायकोनं एकदा तरी नाव घेऊन हाक मारावी. "अगं, फौजेत सगळे आडनावानं बोलवायचे, गावाकडे सगळे तात्या म्हणतात. माझं नाव ठेवलं कशाला मग? एकदा हाक मार ना. कोण ऐकतंय इथं?" मी म्हणायची, "भिंत ऐकते." भिंतीपलीकडे शेजारीण, आणि तिचे कान असे तिखट की आमच्या फोडणीत मोहरी किती पडली ते तिला कळायचं.

आम्ही मुलुंडला राहायचो, डोंगराच्या पायथ्याशी, चांदमारीच्या लाइनीत, एका रांगेतल्या खोल्यांमध्ये. चांदमारी म्हणजे बंदुकीच्या सरावाचं मैदान. एका टोकाला जवान पालथे पडून गोळ्या झाडायचे, दुसऱ्या टोकाला मातीचा उंच बांध आणि त्याच्यापुढे निशाणाचे फळे. आमचे हे फौजेतून सुटून तिथं लागले होते, हत्यारं सांभाळायला. दुरुस्त झालेली प्रत्येक रायफल आधी ह्यांनी झाडून बघायची, मगच ती दुसऱ्याच्या हातात जायची. मला मूलबाळ नव्हतं. दिवसभर घरात मी आणि तो आवाज. भांडी थरथरायची. नवी नवी होते तेव्हा प्रत्येक बाराला हातातली पोळी थांबायची, मग सवय झाली. सवय ही फार वाईट चीज आहे, माणसाचं काय काय चोरून नेते आणि चाहूलही लागू देत नाही.

उजव्या कानात कापसाचा बोळा आणि डावा कान उघडा, अशी तिथली रीत. बांधाआडून फळे बदलणारी माणसं शिट्टी मारायची, ओरडायची, ते ऐकायला एक कान मोकळा हवा म्हणे. दोन्ही कानांत बोळे घालणाऱ्याला बाकीचे 'बाईमाणूस' म्हणून चिडवायचे. मला ते ऐकून असला संताप यायचा! बाईमाणसाचे कान तरी शाबूत होते ना? आणि उजव्या खांद्याला रायफल लावली की डावाच कान नळीच्या तोंडाकडे होतो. म्हणजे झाकायचा तो कान उघडा, आणि त्यातल्या त्यात वाचणारा तो झाकलेला. वर्षानुवर्षं शंभर माणसं हेच करत होती. एकानंही विचारलं नाही.

आधी चिमण्या गेल्या. एका सकाळी हे म्हणाले, "हल्ली चिमण्या कमी झाल्या गं." चिमण्या खिडकीत बसून कलकलाट करत होत्या. मग कुकरची शिट्टी गेली. मग माझं बोलणं अर्धंमुर्धं व्हायला लागलं. 'अहो' ऐकू यायचं, पुढचं नाही. घाटकोपरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "डावा कान गेला. उजव्यात थोडं उरलंय. गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपा." मी विचारलं, जपायचं म्हणजे काय करायचं? ते म्हणाले, "त्या आवाजापासून लांब ठेवा." आता बोला! पाण्यात राहणाऱ्या माशाला पाण्यापासून लांब ठेवा. हत्याराशिवाय दुसरं काम ह्यांना येत नव्हतं आणि आलं असतं तरी केलं नसतं. त्या काळ्या लोखंडावर ह्यांचा जीव होता. सकाळी दात घासायच्या आधी रायफली पुसून, आट्यांना, खाचांना तेलाचा हात फिरवून व्हायचा. "तेल म्हणजे हत्याराचं जेवण," असं म्हणायचे. नवं पोरगं कामावर आलं की त्यालाही पहिला धडा हाच.

सत्तर सालच्या सुमारास आजूबाजूला इमारती उठायला लागल्या. आमच्या लाइनीसमोरच दोन सोसायट्या आल्या. तिथल्या लोकांच्या तक्रारी सुरू झाल्या, मुलं दचकतात, म्हाताऱ्यांची छाती धडधडते. खरंच होतं त्यांचं. पण मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. ह्यांचे कान जात होते तेव्हा कुणाला पाझर फुटला नाही. सोसायटीतली दुपारची झोप मोडली आणि महिन्याभरात चांदमारीच्या साहेबांनी कुठूनसा सायलेन्सर मागवला, प्रयोग म्हणून.

त्या दिवशी हे घरी आले ते लहान मुलासारखे. "अगं, नळी आलीय नळी! रायफलच्या तोंडावर बसते. आता बार वाजणारच नाही." मी म्हटलं, "कसं शक्य आहे?" तर मला थेट चुलीपाशी नेलं. कुकरची शिट्टी चिमट्यानं एकदम उचलली, फस्सकन वाफ सुटली. मग हळूच थोडी थोडी सोडली. "कळलं? दारूचा धूर असाच एकदम बाहेर पडतो म्हणून फाडकन वाजतं. नळीत आत कप्पे आहेत. धूर एकेका कप्प्यात अडतो, गार होतो, दमतो, मग बाहेर येतो."

"म्हणजे मुकी झाली बंदूक?"

"मुकी नाही गं. कमी झाला आवाज, एवढंच. आणि गोळी आवाजाच्या पुढं पळते ना, तिचा चाबकासारखा फटका वेगळाच, तो नळीला थांबवता येत नाही. त्याला मंद काडतुसं लागतात. पण मंद गोळी खाली पडते, निशाण नव्यानं लावावं लागतं. नळीचं वजन पुढं येतं, तोंड खाली झुकतं. दहा-वीस बार झाले की नळी तव्यासारखी तापते, वरची हवा हलते आणि समोरचा फळा नाचल्यासारखा दिसतो. धूर मागं फिरून डोळ्यांत येतो. आणि बसवताना केसभर वाकडी बसली तर गोळी आतल्या कप्प्यावर घासणार, मग संपलंच." एवढ्या अडचणी सांगताना चेहरा असा फुललेला, जसा काही जावयाचे गुण सांगतायत. मग मोठ्यानं म्हणाले, कारण ते आता मोठ्यानंच बोलायचे, "पण कान वाचेल! उजवा वाचेल!"

मला हुंदकाच आला. किती दिवसांनी कुणीतरी बरं काही बोललं होतं. हे लगेच मागं लागले, "आता तरी घेशील का नाव? ऐकू येतंय तोवर घे बाई."

मी म्हटलं, "चांदमारीचा आवाज बंद होऊ दे. त्या दिवशी दारात उभी राहून घेईन. शेजारणीला ऐकू गेलं तरी चालेल."

"बघ हं, शब्द दिलास."

"दिला."

प्रयोगाला नळी घेऊन आलेला माणूस बाहेरगावचा होता. सकाळी त्यानं ह्यांच्या हातात नळी दिली, बराच वेळ काहीबाही समजावून सांगितलं आणि चहा प्यायला गेला. ह्यांनी नळी निरखली, पुसली आणि रोजच्या सवयीनं तिच्या आट्यांना आणि रायफलीच्या आट्यांना छानपैकी तेल लावलं. पाहुणी घरात आली की आधी तिला खाऊपिऊ घालायचं, तसं. मग फिरवून घट्ट बसवली.

पहिले बार मंद काडतुसांचे झाले. मी लाइनीत दारात उभी होते, शपथेवर सांगते, मला पुस्तक जमिनीवर पडल्याइतका आवाज आला. समोरच्या सोसायटीच्या गच्चीत माणसं उभी होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. इकडे हे खुशीत. ह्यांच्या बरोबरीच्या एका माणसानं नंतर मला सांगितलं, वहिनी, त्यांनी उजव्या कानातला बोळा काढून खिशात टाकला. म्हणाले, मला ऐकायचंय ही किती हळू बोलते. आणि झाडणाऱ्याच्या बाजूला गुडघ्यावर बसून कान असा नळीकडे करून राहिले.

मग साहेबांनी नेहमीची काडतुसं घालायला सांगितली, बघू तरी किती फरक पडतो. बारामागून बार झाले. नळी तापत गेली, आणि तेलातल्या आट्यांवर प्रत्येक हिसक्याला फिरत फिरत ढिली झाली. कुणाला दिसलं नाही. ढिली नळी केसभर कलली, गोळी आत घासली, नळीचं पुढचं तोंड फाटून उडालं, आणि तो सगळा कोंडलेला बार ह्यांच्या उघड्या कानात गेला.

दारात उभ्या उभ्या मला तो ऐकू आला. आयुष्यभर बार ऐकलेल्या बाईला कळतं, हा वेगळा. चपला न घालता धावले. हे मातीत बसले होते, गालावर चरा, कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आलेली. मी "अहो! अहो!" करत ओरडत होते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मग अगदी हळू म्हणाले, "तू ओरडतेयस का?"

डॉक्टरांनी या वेळी मला बाजूला घेतलं नाही. गरज नव्हती. ह्यांच्यासमोरच सांगितलं, पडदा फाटलाय, आतलंही गेलं.

कारण ह्यांनीच शोधलं. घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी साहेबांकडून तुटकी नळी मागवून घेतली, आट्यांवरून बोट फिरवलं, वास घेतला आणि खाली ठेवून दिली. "तेल," एवढंच म्हणाले. मग बोट पुसत पुढं बोलले. "तो माणूस सांगत होता काहीतरी. हेच सांगत असणार, आटे कोरडे ठेवा, मध्ये मध्ये थांबून नळी घट्ट आहे का बघा. पण तो डाव्या अंगाला उभा होता गं. ओठ हलताना दिसले. मी मान हलवली." आणि मग रडले. फौजेतून जखमी होऊन आलेला माणूस, कधी डोळ्यात पाणी बघितलं नव्हतं मी. मान हलवायची सवय मला ठाऊक होती. घरातही हल्ली सगळ्याला मानच हलवायचे. पुन्हा पुन्हा 'काय?' विचारायची लाज वाटते माणसाला. काय करणार? लोक चिडतात, मीसुद्धा चिडायची. आमचं नशीब, तो उजवीकडे उभा राहिला असता तर! जाऊ दे. बैल गेला आणि झोपा केला.

साहेब भला होता. काढून टाकलं नाही, झाडांना पाणी घालायला ठेवलं. ह्यांनी पुन्हा हत्यारांच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. नळीचा प्रयोग तिथंच आटपला, बार पूर्वीसारखेच वाजायला लागले. आता फक्त मी दचकायची. हे शांतपणे गुलबक्षीला पाणी घालत असायचे. आमच्या बोलण्यासाठी एक पाटी आणली, पण तिची फारशी गरज पडायची नाही. वर्षभरात ते माझे ओठ वाचायला शिकले. रॉकेल, दूध, पाऊस येतोय, तुमची बहीण आलीय, गोळी घेतलीत का, सगळं नुसत्या ओठांवरून. माझ्या तोंडातला प्रत्येक शब्द त्यांनी कितीतरी वेळा येताना पाहिला होता.

पुढं सोसायट्या वाढल्या आणि चांदमारी तिथून हलली. एका सकाळी बार झालाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फळे काढून नेले, बांधावर गवत उगवलं, पोरं तिथं क्रिकेट खेळायला लागली. इतकी शांतता की मला सोसेना. कुकरची शिट्टी झाली तरी छातीत धस्स व्हायचं.

एका दुपारी हे अंगणात पाठमोरे बसून तांदूळ निवडत होते. मी दारात आले. शेजारीण पलीकडे कपडे वाळत घालत होती. शब्द दिला होता ना मी? मी ह्यांचं नाव घेतलं. चांगलं खणखणीत. शेजारणीच्या हातातला कपडा खाली पडला, ती माझ्याकडे बघतच राहिली.

ह्यांचा हात ताटात फिरत राहिला.

मी पुढं जाऊन समोर बसले. हनुवटी धरून तोंड वर केलं आणि पुन्हा नाव घेतलं. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. कपाळावर आठी आली. "परत बोल," म्हणाले. मी परत बोलले. सावकाश, एकेक अक्षर सोडत बोलले. ते नीट बघत होते, अगदी जीव लावून बघत होते. पण त्या उखाण्यानंतर हा शब्द त्यांनी माझ्या ओठांवर कधी पाहिलाच नव्हता. त्यांना तो वाचता येईना.

शेवटी ओशाळं हसले. आणि मान हलवली.

मग त्यांनाच कसंतरी वाटलं असावं. उठून आत गेले, पाटी आणि पेन्सिल आणून माझ्या हातात दिली. "लिही ना. काय म्हणत होतीस?"

मी पेन्सिल धरून बसले. नाव मला लिहायचं नव्हतं, ते त्यांच्या कानी घालायचं होतं. पाटीवर लिहिलं, जेवायला चला. त्यांनी वाचलं, "एवढंच होय!" म्हणाले, आणि हात धुवायला मोरीकडे गेले.