हार्टची सुई

संधिवाताच्या तापानं माझ्या मुलाच्या हृदयाला धोका होता, म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई घ्यावी लागे. कोल्हापूरच्या त्या दवाखान्यात पेठ वडगावची एक बाईही लेकीला त्याच सुईसाठी आणायची. सुई टोचताना लेकीचं तोंड पोटाशी घट्ट धरायची.

एकदा सोबत आलेला तिचा दीर म्हणाला, "वैनी, बास करा हे. गावात कळलं तर पोरीला कोण करून घेईल?"

बाकावरच्या बायकांनी चक्क माना डोलावल्या. माझं डोकं सणकलं.

बाई ताडकन उठली. "आधी पोरगी जगू दे की! तिचं काळीज बिघडल्यावर तुमची अब्रू चाटायची व्हय?"

पुढच्या खेपेला दीर नव्हता. लेक हसत मला म्हणाली, "काकू, आईनं एस्टीत सगळ्यास्नी सांगितलं, माझी हार्टची सुई हाय म्हणून!"