बोटांचे ठसे

आज इथे राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण होतं. मशीनने बोटांचे ठसे लगेच घेतले, आणि मला आठ वर्षांपूर्वीचा डब्लिनचा विमानतळ आठवला.

नर्स असलेल्या सुजाताचा नवरा म्हणून मी इथे राहायला आलो होतो. निघायच्या दिवसापर्यंत नारायणगावजवळच्या आमच्या रानात वडिलांबरोबर, अण्णांबरोबर, टोमॅटो तोडत होतो. बोटं भेगाळलेली, झाडाच्या रसाने हिरवीकाळी; ठसा उमटेचना. अधिकाऱ्याने ओला कागद दिला. मी मान खाली घालून बोटं घासत राहिलो.

बाहेर येऊन फोनवर अण्णांना हसत हसत सांगितलं. ते म्हणाले, "लई घासू नको रं. इथलं थोडं ऱ्हाऊ दे अंगाला."

तेव्हा मला ती थट्टा वाटली.

दोन वर्षांनी अण्णा गेले. मी पोचलो, तो सावडायच्या दिवशी. आज मात्र बोटांवर घासण्यासारखं तिथलं काहीच नव्हतं.