फुटक्या काचेचं घड्याळ घेऊन सातारा ते सांगली

या वेळी निघायचं ठरलं ते सासऱ्यांच्या एका वाक्यामुळे. "पावणं, बोटं जरा वळाय लागल्यात. घड्याळ घिऊन या," असं आप्पा फोनवर म्हणाले आणि मी त्याच दिवशी दोन दिवसांची रजा टाकली.

हे घड्याळ आप्पांनीच मला लग्नात घातलं होतं. रोज चावी द्यावी लागते असं, जुन्या पद्धतीचं. सासुरवाडीला जायच्या दिवशी मी सकाळी चावी द्यायची नाही, पोचल्यावर घड्याळ काढून आप्पांच्या हातात द्यायचं आणि त्यांनी ते भरायचं, असा आमचा सव्वीस वर्षांचा रिवाज. मागच्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. त्यानंतरच्या दोन्ही फेऱ्यांत त्यांनी घड्याळ हातात घेतलं, थोडा वेळ पाहिलं आणि चावी न देताच परत दिलं. त्यामुळे हा फोन आमच्या घरात केवढा मोठा होता, ते तुमच्या लक्षात येईल.

दुपारी साडेबाराला साताऱ्याहून निघालो. बरोबर बायको सुजाता आणि कंदी पेढ्यांचे दोन डबे, एक आप्पांसाठी आणि एक वाटेत खायला. वाटेतला पाव किलोचा डबा उंब्रजला रिकामा झाला. यात माझा वाटा किती, हे सुजाताला विचारू नका. हायवे चांगला आहे, पण कराडजवळ पुलाचं काम चालू आहे, अर्धा तास जादा धरा.

कराडला मिसळ खाल्ली. झणझणीत आणि पोटभर, पार्किंगही ऐसपैस. हात धुवायला उठलो, बाही वर केली आणि मनगट बेसिनच्या दगडी कडेवर आपटलं. खट्. बघतो तर काचेचा चुरा, आणि त्या चुऱ्यातूनही सेकंदकाटा निवांत फिरतोय.

मी रुमाल काढला, तेवढ्यात सुजाताने हात धरला. "पुसू नका, काच आत जाईल." मग फुंकर मारायला तोंड जवळ नेलं. "फुंकूही नका, थुंकी उडते! आणि चावीला तर हातच लावू नका." माझी आणखी काही करामत शिल्लक राहू नये म्हणून तिने घड्याळ काढून घेतलं, तोंड खाली करून हलकेच टिचकी मारली, सुटा चुरा कागदावर पाडला आणि विचारलं, "ठेवायचं कशात?" मी अभिमानाने पेढ्यांचा रिकामा डबा पुढे केला. आत बटर पेपरही होता. त्यावर घड्याळ पालथं ठेवून डबा तिने मांडीवर घेतला. इस्लामपूर यायच्या आत टिकटिक थांबली. कालच्या सकाळची चावी संपली होती.

सांगलीत आधी दुरुस्ती करून घ्यावी असा माझा बेत होता. पण पेठ नाक्यापासून आष्ट्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्या. हंगामात या रस्त्याने जाणार असाल तर घाई घरीच ठेवून या. आप्पांचं घर जैनांचं, सूर्य मावळल्यावर अन्नाला हात नाही, आणि पाहुणे आल्याशिवाय आप्पा ताटावर बसत नाहीत. म्हणजे आम्ही घड्याळजी शोधत फिरलो तर म्हातारा माणूस उपाशी झोपणार. सांगली तशीच मागे टाकून अर्ध्या तासावरच्या त्यांच्या कृष्णाकाठच्या गावी सव्वापाचला पोचलो.

आप्पा ओसरीवर खुर्चीत बसले होते. हातात औषधाची रिकामी बाटली. अंगठा आणि पहिलं बोट, दोनच बोटांनी तिचं झाकण फिरवायचा प्रयत्न चालला होता. मला पाहताच बाटली खाली ठेवून त्यांनी तळवा पुढे केला.

"आणा."

आणि मी खोटं बोललो. "आप्पा, गडबडीत घरीच राहिलं बघा."

त्यांनी हात मागे घेतला. "ऱ्हाऊ द्या. फुडच्या खेपंला," म्हणाले आणि ताटावर जाऊन बसले. ज्वारीची गरम भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, दही. एरवी मी चार भाकऱ्या उडवतो. त्या संध्याकाळी एकच गिळली. समोर आप्पा डाव्या हाताने चमच्याने खात होते, आणि मला स्वतःची लाज वाटत होती. हात धुऊन गाडीतून डबा आणला आणि सगळं सांगून टाकलं.

आप्पांनी घड्याळ बराच वेळ निरखलं. "काच फुटली म्हून खोटं? म्या काय मारनार हुतो का तुमास्नी?"

"तसं नाही. आत काच असेल तर चावी देता येणार नाही. तुम्ही एवढी तयारी केलेली, मला बघवलं नाही."

"मला न्हाई सांगितलं तर माजा हात बरा हुनार व्हय?" ते म्हणाले. "उद्या सांगलीला मीबी येतो."

सुजाताने दारामागून डोळे पुसले. मी पुसले नाहीत, पण पुसायची वेळ आली होती.

दुसऱ्या दिवशी दहाला सांगलीत. पेठेतलं घड्याळदुरुस्तीचं दुकान एवढं लहान की खुर्ची एकच, त्यावर आप्पांना बसवलं. घड्याळजी साठीचे, डोळ्याला भिंग लावलेले. डबा उघडताच त्यांनी नाक जवळ नेलं.

"काच कळली. तूप कुठनं आलं?"

मी बटर पेपरकडे बोट दाखवलं. "पेढ्याच्या डब्यात घड्याळ! मुंग्या लागल्या असत्या की आवं," घड्याळजी म्हणाले. वाचकहो, स्वच्छ कोरडी डबी वापरा. कापूसही नको, त्याचे धागे काट्यांत अडकतात, हे त्यांनीच बजावलं. मूळची प्लास्टिकची काच चरे पडतात म्हणून मीच पूर्वी बदलून चकचकीत खरी काच बसवली होती. त्यावरही ऐकावं लागलं, "ती ऱ्हायली असती तर नुसता तडा गेला असता." हौस नडली, दुसरं काय.

मग त्यांनी मशीन उघडलं. आम्ही तिघंही पुढे वाकलो.

"आत न्हाई गेली. डायलवरच हाय," ते म्हणाले. "चावी भरलेली असती तर रातभर काट्यांनी काच दळली असती. सकाळी चावी दिली न्हवती का?"

"आमच्यात चावी हे देतात," मी आप्पांकडे हात केला.

सफाई आणि नवी प्लास्टिकची काच मिळून साडेचारशे रुपये आणि दीड तास. तेवढ्यात सुजाता भडंग घेऊन आली. काम झाल्यावर घड्याळजींनी घड्याळ माझ्याकडे न देता सरळ आप्पांपुढे धरलं. "घ्या. सुरुवात तुमी करा."

डाव्या तळव्यात घड्याळ, उजव्याचा अंगठा आणि बोट चावीवर. पहिल्यांदा बोट घसरलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा बारीकसा कर्रर्र आवाज आला. मदतीला माझा हात पुढे झाला, तो सुजाताने खाली दाबला. घाम पुसत, थांबत, आप्पांनी पाच फेरे दिले. पुरी चावी तिसेक फेऱ्यांची. पण सेकंदकाटा हलला. आप्पांनी घड्याळ कानाला लावलं. "चाललंय लेकाचं," म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले.

आप्पांना घरी सोडलं, जेवलो आणि दोनला परत निघालो. घड्याळ मनगटावर, आणि माझं निम्मं लक्ष त्याच्यावर. कराडजवळ, त्याच पुलाच्या कामापाशी, चारला दहा कमी असताना ते थांबलं. "चावी द्या की आता," सुजाता म्हणाली. मी दिली नाही. काटे तसेच राहू दिले.

घरी पोचल्यावर आप्पांना फोन केला. पोचल्याचं ऐकूनही न ऐकल्यासारखं करत त्यांनी पहिलं हेच विचारलं, "कुटवर चाललं?"

घरापर्यंत म्हणावं, असं अगदी ओठावर आलं होतं.

"कराडपर्यंत, आप्पा."

 पलीकडून बाटलीचं झाकण फिरवल्याचा आवाज आला.

"बरं," आप्पा म्हणाले, "फुडच्या खेपंला कराडाम्होरला टोलनाका पार करायचा."